पंखाला तीट

अन्वर तांबोळीचे शेवटचे शब्द मराठीत होते, आणि चौकशी समितीतल्या पाच जणांपैकी एकालाही मराठी येत नव्हतं.

भाषांतराचं यंत्र होतं की. जगातल्या सगळ्या भाषा कोळून प्यालेलं. पण इंजिनाची घरघर, ऑक्सिजनच्या मास्कमधून आलेला आवाज आणि वर ती वाळव्याकडची भरभर बोली, हे काही त्याला पचलं नाही. त्यानं 'अस्पष्ट' असा शिक्का मारला आणि मोकळं झालं. मग समितीचे अध्यक्ष सूद यांनी लेहमधल्याच एका मराठी माणसाला बोलावलं. कॅप्टन केतकी साळवी, वय सत्तेचाळीस, मूळची कराडची. लडाखात छोटी विमानं उडवण्यात तिची एकोणीस वर्षं गेलेली. अन्वरला हिवाळ्यात विमान हाकायला शिकवलं तेही तिनंच. आता याहून योग्य माणूस कुठून आणणार?

तिनं हेडफोन कानाला लावले. आधी नुसता घोंघाट. मग अन्वर, स्वतःशीच पुटपुटल्यासारखा: "एवढं जड का लागतंय हे?" थोडा वेळ काहीच नाही. मग: "नकाशा तर स्वच्छ हाय. मॅडम आत्ताच गेल्यात इथनं. बर्फ असता तर बोलल्या असत्या की." त्यानंतर फ्लॅप, म्हणजे उतरताना वापरायच्या पंखामागच्या झडपा, खाली सोडल्याचा आवाज आला, आणि पुढचे अठरा सेकंद केतकीनं डोळे गच्च मिटून ऐकले.

"काय म्हणाला?" सूदसाहेबांनी विचारलं.

"म्हणाला, विमान जड लागतंय. पण नकाशा स्वच्छ आहे."

"एवढंच? बरंच काही बोलल्यासारखं वाटलं."

"एवढंच," केतकी म्हणाली, आणि त्यांनी पुढे केलेल्या कागदावर तिनं सही केली.

ही बाई खोटं का बोलली, ते कळायला आधी बर्फाबद्दल थोडं सांगायला हवं. कंटाळू नका, सोपं आहे.

पाणी शून्य अंशाला गोठतं असं आपण शाळेत घोकलं, ते अर्धंच खरं. ढगातला थेंब शून्याखाली दहा-पंधरा अंश उतरला तरी पाणीच राहू शकतो. गोठायला त्याला काहीतरी निमित्त लागतं, धुळीचा कण म्हणा, बर्फाचा स्फटिक म्हणा. तेवढ्यात तिथून विमान गेलं की पंख हेच निमित्त. थेंब आदळला की गोठला. बारीक थेंब जागच्या जागी पांढरे, खरखरीत गोठतात; ते निदान दिसतात. मोठे थेंब लबाड असतात. ते आधी मागे ओघळतात आणि मग काचेसारखे गोठतात, पटकन नजरेस पडत नाहीत. पंखाच्या पुढच्या कडेला हीटर असतो, पण फक्त कडेलाच. तिथं वितळलेलं पाणी मागे सरकून, जिथं ऊब पोचत नाही तिथं ठाण मांडतं.

विमान पडतं ते बर्फाच्या वजनानं, असं लोकांना वाटतं. तसं नाही. पंखाचा आकार बिघडतो. सँडपेपरएवढा खरखरीत थर बसला तरी उचलण्याची ताकद तिसऱ्या हिश्शानं कमी होऊ शकते. शेपटीचा आडवा पंख तर बारीक कडेचा, त्याच्यावर बर्फ आधी धरतो, आणि पायलटला तो बसल्या जागेवरून दिसतही नाही.

पूर्वी लडाखच्या हिवाळ्यात इतकी कडक थंडी पडे की ढगात पाणी फारसं उरतच नसे. सगळा कोरडा भुगा, तो पंखाला चिकटत नाही. पण गेल्या पंधरा वर्षांत हिवाळे नरमले. लोक म्हणाले, बरं झालं, जरा ऊब आली. ती ऊब ढगात पाणी घेऊन आली, हे छोटी विमानं पडायला लागल्यावर कळलं.

त्यावर उपाय म्हणून 'हिमपट' निघाला. प्रत्येक विमानाच्या पंखावर रुपयाएवढी एक चकती बसवली. चकतीतून ध्वनीच्या बारीक लहरी सुटतात, वर बर्फ बसला की लहरींचा सूर बदलतो. चकती ते ओळखून हीटर चालू करते, आणि त्याच क्षणी सगळ्यांच्या नकाशावर तेवढं आकाश लाल होतं. पुढच्याच्या ठेचेनं मागचा शहाणा. कल्पना झकासच होती, त्यात वाद नाही. पण नियम असा केला की लाल झालेला मार्ग सहा तास बंद, आणि नियम करणाऱ्यांपैकी कोणीही तांगरीला राहत नव्हतं.

तांगरी म्हणजे शारूच्या खिंडीपलीकडचं तीनशे घरांचं खोरं. लेहहून विमानानं पस्तीस मिनिटं, आणि हिवाळ्यात दुसरी वाटच नाही. 'हिमवाट' कंपनीची नऊ आसनी विमानं तेवढी जायची. हिमपट आल्यावर खिंड लाल व्हायची, सहा तासांनी उघडायची, पहिलं विमान गेलं की पुन्हा लाल. पहिल्या हिवाळ्यात नव्वदपैकी एकसष्ट दिवस मार्ग बंद राहिला. तांगरीत दोन बाळंतिणी आणि एक म्हातारबाबा निव्वळ डॉक्टरपर्यंत पोचले नाहीत म्हणून गेले. आणि बर्फ किती? बहुतेकदा नखाएवढा. केतकीच्या हातचा मळ होता तो. विमान हातानं उडवायचं, वेग वाढवून ठेवायचा, फ्लॅपना हात लावायचा नाही, आणि ढगाबाहेर पडायचं. संपलं.

दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी तिनं बर्फ धरू नये म्हणून वापरतात ते काळपट मलम बोटावर घेतलं आणि चकतीवर ठिपका दिला. चकतीवर बर्फ बसणारच नाही. पंखावर बसेल, पण ते पायलट बघून घेईल.

"हे काय करता, मॅडम?" खाली उभ्या असलेल्या स्तान्झिननं विचारलं. स्तान्झिन विमानांची देखभाल करायचा, स्वतः तांगरीचाच होता.

"तीट लावतेय. आमच्याकडे बाळाच्या गालावर लावतात. दृष्ट लागू नये म्हणून."

स्तान्झिन असा हसला की बोलायची सोय नाही. महिनाभरात पाचही पायलट विमानात चढण्याआधी विचारायला लागले, "तीट लावली का?" त्यात एक अमृतसरचा होता आणि एक शिलाँगचा, पण शब्द हाच. पुढंपुढं विचारायचीही गरज उरली नाही. स्तान्झिन रोज सकाळी सगळ्या विमानांना तीट लावून मोकळा व्हायचा.

केतकीनं एक नियम मात्र घालून दिला होता. नकाशाला फसवायचं, एकमेकांना नाही. वाटेत बर्फ लागला तर उतरल्या उतरल्या मागच्या पायलटला मोबाइलवर सांगायचं. रेडिओवर नाही, कारण रेडिओला हिमपटचं यंत्र कान लावून बसलेलं असतं आणि त्याला मराठी, पंजाबी, खासी सगळं कळतं. फोन आला तर जपून ये किंवा येऊच नको. फोन आला नाही, तर वाट साफ.

या नियमात काय खोट आहे, ते तुमच्या लक्षात आलं असेल. त्या पाच हुशार पायलटांच्या आलं नाही.

इकडे नकाशाही गप्प बसला नव्हता. तो शिकणारा नकाशा होता. दोन हिवाळे शारूच्या खिंडीतून स्वच्छच बातमी येतेय म्हटल्यावर तो शिकला की या खिंडीत बर्फ धरत नाही. कंपनीनं त्याची जाहिरात केली. मग एवढ्या सुरक्षित मार्गावर दोन पायलट कशाला, म्हणून दुसरा पायलट काढून टाकला. असे पायलटांचेच दात आणि पायलटांचेच ओठ.

त्याआधी तीन वर्षं अन्वर केतकीच्या उजवीकडच्या सीटवर बसत होता. इस्लामपूरचा पोरगा, वडील एसटीत ड्रायव्हर. तोंडाचा फटकळ आणि हाताचा हलका.

"ऑटोपायलट काढ," ती ढगात शिरताना म्हणायची. "ते गुपचूप चुका सावरत राहतं आणि निभेनासं झालं की एकदम हात वर करतं. बोटांना कळू दे काय चाललंय ते."

"मॅडम, एवढा कोटींचा नकाशा असताना बोटं कशाला पायजेत?"

"जेवताना चमचा असतो म्हणून हात तोडून ठेवतोस का?"

"चमच्यानं भाकरी कुस्करून दाखवा, मग तोडतो," तो म्हणायचा, आणि ऑटोपायलट काढायचा.

शेपटीबद्दलही तिनं त्याला पढवलं होतं. बर्फ असताना फ्लॅप सोडले की शेपटीवर ताण येतो, ती अचानक दगा देते आणि नाक खाली कोसळतं. अशा वेळी यंत्र ओरडतं, नाक खाली दाबा, कारण यंत्राला वाटतं पुढच्या पंखानं दगा दिलाय. ऐकायचं नाही. सुकाणूची काडी मागे ओढायची आणि फ्लॅप परत वर घ्यायचे. अन्वरला हे सगळं पाठ होतं. पण कुठलाही मंत्र म्हणायला आधी भूत आलंय हे कळावं लागतं ना!

तो किंक्रांतीचा दिवस होता, केतकी असलं काही मानत नसली तरी. तांगरीहून निरोप आला होता: डोल्मा नावाची एकोणतीस वर्षांची बाई, दोन लहान मुलांची आई, अपेंडिक्स फुटून दोन दिवस झालेले. केतकी पावणेनऊला एकटीच निघाली. अन्वर तीन प्रवासी घेऊन मागून पावणेदहाला निघणार होता.

खिंडीवर तिला मोठे थेंब भेटले. असे तिनं एकोणीस वर्षांत दोनदाच पाहिले होते. आधी काचेच्या कोपऱ्यात ओघळ गोठला. मग वेग आपोआप पाच, मग आठ, मग बारा नॉट उतरला. काडी हातात जड झाली आणि किंचित थरथरायला लागली. तिनं इंजिनांना होती नव्हती ती सगळी ताकद दिली, हीटर हातानं चालू केला आणि खिंड ओलांडल्या ओलांडल्या ढगाखाली नाक घातलं. तांगरीच्या धावपट्टीवर ती फ्लॅप न लावता, भलत्याच वेगात उतरली, आणि धावपट्टी संपायला शंभर पावलं उरली तेव्हा विमान थांबलं. खाली उतरून पाहिलं तर हीटरच्या पट्ट्यामागे बोटभर जाड बर्फाचा बांध उभा. चकती मात्र तीट लावून स्वच्छ, आणि तिनं सगळ्या जगाला कळवलेलं: बर्फ नाही.

केतकीनं फोन काढला. रेंज नाही.

"टॉवरची बॅटरी पहाटे गोठली," डोल्माचा नवरा म्हणाला. डोल्मा स्ट्रेचरवर होती. तिचे ओठ पांढरे पडले होते आणि ती आता कण्हतही नव्हती.

नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. अन्वरला निघायला पंचवीस मिनिटं. उरला रेडिओ.

केतकी विमानात चढली आणि तिनं माइक हातात घेतला. 'बर्फ' म्हटलं की खिंड लाल, आणि खिंड लाल म्हणजे तांगरीची धावपट्टीही बंद, तिचं स्वतःचं विमान सहा तास जमिनीवर. नुसतं "येऊ नको" म्हटलं तरी कारण विचारणार. डोल्माकडे सहा तास नव्हते. केतकी ढगात न शिरता नदीच्या घळीतून खालून जाणार होती, ती वाट तिला पाठ होती. पण बंद मार्गावर इंजिनच सुरू होत नसे, तशी सोय कंपनीनं करून ठेवली होती. आणि उडाल्यावर सांगावं म्हटलं, तर घळीतून रेडिओ कुठं पोचत नसे.

मग तिच्या मनात आलं: अन्वर आहे. माझ्या हाताखाली तयार झालेला आहे. बोटांना कळेल त्याच्या. सांभाळेल तो.

तिनं माइक परत अडकवला.

डोल्मा वाचली. लेहच्या डॉक्टरांनी सांगितलं, अजून दोन तास उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. ती ऑपरेशनच्या टेबलावर होती तेव्हा अन्वरचं विमान शारूच्या पलीकडच्या उतारावर पडलं होतं. तो, तांगरीच्या शाळेचे दोन मास्तर आणि पोस्टातला एक माणूस. शोधपथक पोचलं चौथ्या दिवशी. तोवर वर तीन फूट बर्फ पडलेला. त्यातला पंखावरचा कुठला आणि आभाळातला कुठला, हे कोण सांगणार?

फेब्रुवारीत अहवाल आला. त्या मार्गावरच्या एकाही विमानाच्या चकतीवर दोन वर्षांत बर्फाची नोंद नाही. अपघातग्रस्त विमानाच्या चकतीवरही नाही. पायलटनं वेग कमी होऊ दिला आणि चुकीच्या वेळी फ्लॅप सोडले. दोष पायलटचा. मार्ग निर्धोक.

केतकीनं तो अहवाल तीनदा वाचला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून ती महिनाभर गप्प बसली होती. अन्वर गेला, आता मूठ उघडून तांगरीची वाट तरी कशाला बंद करायची, अशी मनाची समजूत घालत होती. पण 'दोष पायलटचा' हे छापलेलं वाचलं आणि तिला स्वतःची शिसारी आली. आक्षेपांच्या सुनावणीला ती गेली आणि सगळं भडाभडा बोलली. तीट, फोनचा नियम, मोठे थेंब, हातात घेऊन परत ठेवलेला माइक.

सूदसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग स्तान्झिनला बोलावलं.

"चकतीवर मलम? नाही साहेब. मी असलं कधी पाहिलं नाही."

उरलेल्या तीन पायलटांनीही तेच सांगितलं, केतकीच्या तोंडाकडे न बघता.

"ते खोटं बोलतायत," ती म्हणाली. "तुम्ही अन्वरचं रेकॉर्डिंग परत ऐका. मी पुरतं भाषांतर केलं नव्हतं."

समितीनं दिल्लीहून एका मराठी अधिकाऱ्याला फोनवर घेतलं. त्यांनी चार वेळा ऐकलं आणि शब्द न् शब्द सांगितला. नकाशा स्वच्छ आहे. मॅडम आत्ताच इथून गेल्या आहेत. बर्फ असता तर त्या बोलल्या असत्या.

"बरोबर आहे," सूद म्हणाले. आवाजात खरोखर माया होती. "बर्फ असता तर तुम्ही बोलला असता. एवढ्या अनुभवी पायलट तुम्ही, बोलल्याशिवाय राहिला असता का? तुम्ही बोलला नाहीत, म्हणजे बर्फ नव्हता. आणि पहिल्या दिवशी तुम्ही हे वाक्य का गाळलंत, तेही मी समजू शकतो. असलं ऐकणं सोपं नसतं. कॅप्टन, शिष्य गेल्यावर माणूस स्वतःला दोष देतो. आम्ही हे कागदावर घेत नाही. दोन दिवस विश्रांती घ्या."

बाहेर व्हरांड्यात स्तान्झिन उभा होता.

"मॅडम, डोल्मा जिवंत आहे," तो खाली बघत म्हणाला. "उद्या दुसरी कोणी असेल. मेलेल्या माणसाला बदनामी काय आणि नाव काय?"

"त्याचा बाप जिवंत आहे, स्तान्झिन."

तो वळला आणि विमानांकडे चालायला लागला.

बाप दुसऱ्या दिवशी लेहला पोचला. शौकतभाई तांबोळी, कानटोपी, जाड भिंगांचा चष्मा, कोणाच्या तरी मापाचा मोठा कोट. एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर, आणि तीस वर्षांत एक ओरखडा नाही. महामंडळानं जोडीनं सत्कार केला होता त्यांचा. अन्वर हे विमानात सतराशेसाठ वेळा सांगायचा.

गेस्टहाऊसच्या खोलीत केतकीनं त्यांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही मऊ केलं नाही. ते हीटरकडे हात धरून ऐकत बसले होते.

"अहवाल म्या वाचलाय, मॅडम," तिचं संपल्यावर ते म्हणाले. "नातीकडनं वाचून घेतला."

"तो खोटा आहे. अन्वरची चूक नव्हती. मी बोलले असते तर तो आज असता."

"तुम्ही लई चांगल्या हाईसा. पोरगं सारखं तुमचंच सांगायचं. पर एक सांगू का? माझ्या डेपोत ठोकून आलेला प्रत्येक जण हेच म्हणायचा. ब्रेक लागला न्हाई, म्हैस आडवी आली, कंडक्टरनं घंटी दिली न्हाई. मी म्हणायचो, स्टेरिंग कुणाच्या हातात हुतं? ज्याच्या हातात स्टेरिंग, त्याची चूक. आता पोरगं माझं हाय म्हणून नियम बदलू व्हय?"

"शौकतभाई, माझं ऐका..."

"ऐकलं की. तुम्ही त्याच्यासाठी सवताच्या अंगावर घेताय. मोठं मन लागतं त्याला. पर लेकाची चूक मी बाईमाणसाच्या पदरात टाकून घरी जाणार न्हाई." त्यांनी चष्मा पुसला. "माझं एक काम करा. त्याच्या गाडीत तीन माणसं हुती. तीन घरं हाईत तांगरीत. मला तिथवर न्या. माफी मागायची हाय."

केतकीला ओरडावंसं वाटलं. म्हाताऱ्याचे खांदे धरून हलवावंसं वाटलं. अरे बाबा, घे ना माझं नाव, दे ना शिवी एखादी! पण ते कोटाची बटणं लावत होते, आताच निघायचं असल्यासारखे.

दोन दिवसांनी सकाळी ती त्यांना घेऊन निघाली. स्तान्झिननं नेहमीप्रमाणे लावलेली तीट तिनं त्याच्यादेखत फडक्यानं पुसून काढली. नकाशाला आता तरी कळू दे. मार्ग बंद होईल, पायलट उघडे पडतील, तिचं लायसन्स जाईल, पण अन्वरच्या नावावरचा डाग निघेल. बारीक थेंबांचा दिवस होता, तिनं हवामान तीनदा पाहिलं होतं. म्हाताऱ्याला धोका नव्हता.

शौकतभाई तिच्या उजवीकडच्या सीटवर बसले. खिंडीच्या ढगात शिरल्यावर कडेला पांढरी खरखर धरली, आणि चकतीनं बोंब ठोकली. नकाशावर शारूची खिंड लालभडक झाली. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

"लाल काय झालं ते?" शौकतभाईंनी विचारलं.

"बर्फ. हाच तो. आता सगळ्यांना दिसेल."

काही सेकंद गेले. मग पडद्यावर अक्षरं उमटली. 'एकाकी नोंद. याच सकाळच्या इतर विमानांच्या व मागील दोन हिवाळ्यांच्या नोंदींशी विसंगत. चकती सदोष. परतल्यावर बदलून घ्यावी.' आणि खिंड पुन्हा हिरवीगार झाली.

केतकी पडद्याकडे बघत राहिली. खोटं इतकं नेटानं शिकवलं होतं तिनं, की आता एकटीचं खरं म्हणजे बिघाड ठरत होतं.

"विझलं की," शौकतभाई म्हणाले. "वायरिंग ढिली असंल." मग थोड्या वेळानं, तिच्या हातांकडे बघत: "हात चांगला हाय तुमचा. हिसका न्हाई कुठं. अन्वरला तेवढं जमलं न्हाई बघा."

"जमत होतं त्याला!" केतकी एवढ्या जोरात म्हणाली की ते दचकले. "माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं."

ते नुसते मान हलवत राहिले.

पहिल्या दोन घरांत फार वेळ लागला नाही. पोस्टातल्या माणसाची बायको ऐकून आत निघून गेली. थोरल्या मास्तरांच्या भावानं दार अर्धंच उघडलं. शौकतभाईंनी दोन्हीकडे उंबऱ्यात कानटोपी काढली, हात जोडले आणि हिंदीत माफीचं एकच वाक्य म्हटलं. तिसरं घर यांगचेनचं. तिचा एकुलता मुलगा शाळेत गणित शिकवायचा. सत्तरीची बाई चुलीपाशी बसली होती.

"माझ्या मुलाची चूक झाली," शौकतभाई म्हणाले. त्यांचा आवाज इथं पहिल्यांदा फाटला. "गाडी त्याच्या हातात होती. तुमचा मुलगा त्याच्या भरवशावर बसला होता. त्याच्या वतीनं मी माफी मागायला आलोय."

केतकीला राहवलं नाही. ती पुढे झाली आणि यांगचेनपुढे गुडघ्यांवर बसली. "आमा-ले, आई, यांच्या मुलाची चूक नव्हती. मला माहीत होतं वर बर्फ आहे. मी सांगितलं नाही. तुमचा मुलगा माझ्यामुळे गेला."

यांगचेननं तिच्याकडे पाहिलं. मग शौकतभाईंना विचारलं, "ही त्याची कोण?"

"गुरू," ते म्हणाले. "हिनंच त्याला शिकवलं."

"मग बरोबर आहे," यांगचेन म्हणाली. "गुरूला असंच वाटतं." तिनं केतकीच्या डोक्यावर हात ठेवला, मग शौकतभाईंचे जोडलेले हात आपल्या हातांत घेतले. "तुमचा पण मुलगाच गेला. मी माफ केलं त्याला. आज रात्री त्याच्या नावानं दिवा लावीन."

शौकतभाई लहान पोरासारखे रडले. यांगचेननं तिघांसाठी लोणी घातलेला चहा ओतला. केतकीनं कप नुसताच हातात धरला होता, पण म्हातारी समोर बसून राहिली, कप रिकामा होईपर्यंत.

धावपट्टीवर परतल्यावर तिनं शौकतभाईंना हात देऊन वर चढवलं. ते सीटवर बसले, डोळे पुसले आणि कितीतरी दिवसांनी श्वास सोडावा तसा श्वास सोडला.

"आज जरा हलकं वाटतंय बघा, मॅडम. उपकार झाले तुमचे. घरी जाऊन त्याच्या अम्मीला सांगतो, पोराला माफी मिळाली म्हणून."

"सांगा," केतकी म्हणाली. तिनं त्यांचा पट्टा आवळून पाहिला आणि इंजिन सुरू केलं.